मोठ्या बासला मोठं आमिष: कल्पना आली कुठून?

ओहोटी लागली की खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं पाण्याच्या रेट्याने आपोआप उघडतात. आतली सुंगटं (कोळंबी) आणि लहान शेवटे मासे बाहेर खाडीत ओढले जातात आणि तिथल्या भोवऱ्यात चोणक हा मोठा शिकारी मासा टपून बसतो. चोणकासाठी गरवणारे जाणते गरीला वीतभर जिवंत शेवटा टोचतात. वाट पाहावी लागते. पण एकदा का पाण्यावर तो ‘धप्प’ आवाज झाला, की वाट पाहिल्याचं सार्थक होतं.

अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाचं गोत्र चोणकाहून वेगळं, खाण्याची रीत मात्र तीच. झटक्यात जबडा उघडायचा, पाण्यासकट भक्ष्य आत ओढायचं, अख्खं गिळायचं. किती मोठं गिळता येईल हे जबड्याच्या रुंदीवर ठरतं. दहा लहान मासे हुडकत फिरण्यापेक्षा एक मोठा पकडला तर थोरल्या माशाची दमछाक वाचते.

तरीही विक्रमाचा मान मोठ्या आमिषाला सहज मिळालेला नाही. 2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांना 22 पौंड 4 औंसांचा विक्रमी बास मिळाला, तो क्रीक चब कंपनीच्या बनावट माशावर. घरच्यांनी तो शिजवून खाल्ला.

खरी कलाटणी मिळाली कॅलिफोर्नियात. 1959 साली सॅन दिएगोच्या जलाशयांत फ्लोरिडाच्या जातीच्या बासची पिल्लं सोडली गेली. हा बास मुळातच जास्त वाढतो. त्या भागातल्या तळ्यांत गरवणाऱ्यांसाठी हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेले रेनबो ट्राउट मासेही सोडले जात. ट्राउट मऊ, चरबीदार, टोचणारे काटे नाहीत, आणि टाकीत वाढल्यामुळे शत्रूची ओळखही नाही. बास त्यावर पोसले. मग लोकांनी ट्राउटच्याच मापाचे, जोड दिलेले लाकडी मासे कोरायला घेतले. एसी प्लग हा त्यातला गाजलेला. पुढे हुबेहूब माशासारखे दिसणारे मऊ रबरी स्विमबेट, म्हणजे पोहल्यासारखी हलणारी आमिषं, आले.

पण नुसत्या आकाराला श्रेय देणं मला पटत नाही. त्याच कॅलिफोर्नियात 1980 साली कसिटास तळ्यात 21 पौंडांवरचा आणि 1991 साली कॅस्टेइकमध्ये 22 पौंडांचा बास मिळाला, दोन्ही जिवंत क्रेफिशवर (गोड्या पाण्यातला लहान शेवंडासारखा जीव). जपानच्या बिवा तळ्यात मानाबू कुरिता यांनी 2 जुलै 2009 रोजी 10.12 किलोचा बास काढून पेरींची बरोबरी केली, तो ब्लूगिल नावाच्या लहान जिवंत माशावर. बिवात ब्लूगिल मुबलक. म्हणजे ज्या पाण्यात थोरला मासा जे खाऊन वाढला, तेच त्याच्यापुढे धरायचं. आपल्या मानशीपाशी ते शेवटा असतं, एवढंच.

चोणकाबाबत एक गोष्ट मात्र वेगळी. तो आधी नर असतो आणि पुष्कळ वाढला की मादी होतो. वीतभर शेवट्यावर येणारा मीटरभर चोणक बहुतेक वेळा अंडी घालणारी मादीच. ती खाडीत परत सोडलेली पाहिली की मला फार बरं वाटतं.