खुलासा: जास्त वॅटचा स्पीकर म्हणजे भारी स्पीकर?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानात होम थिएटर बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती वॅटचा हाय?" आणि खोक्यावर ठळक छापलेलं असतं: ५००० वॅट पीएमपीओ (म्हणजे क्षणभरासाठी मिळते असं सांगितलेली कमाल ताकद). हा आकडा वाचून स्पीकर घेऊ नका. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, कंपनी म्हणेल ती पूर्व.

खोकं बाजूला ठेवा, अॅडॉप्टर उलटा करून बघा. त्यावर '१२ व्होल्ट, २ अँपिअर' असेल तर गुणाकार २४ वॅट. त्याहून जास्त ताकद तो स्पीकर सलग देणार कुठून? आणि खरोखर ५००० वॅट ओढले तर २३० व्होल्टवर २१ अँपिअरच्या वर करंट लागेल. घरातलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं!

बघायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे सलग मिळणारी ताकद. पण तोही दुप्पट झाला म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल (आवाज मोजायचं एकक) वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठा आवाज देतो ते, विचारा: ८८ डेसिबलवाला स्पीकर ८५वाल्याइतकाच आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो. दहा बाय बाराच्या खोलीत नाट्यगीतं ऐकायला १५-२० वॅट आरएमएस रग्गड. मिरवणूक काढायची असेल तर गोष्ट वेगळी.