ग्रेगरीचं गणित आजोळचं

सतराव्या शतकातला स्कॉटिश गणिती जेम्स ग्रेगरी याचे वडील धर्मोपदेशक होते. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनजवळ, ड्रमोक गावच्या चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तिथंच नोव्हेंबर १६३८ मध्ये जेम्स जन्मला. घरात गणित आलं ते आई जॅनेटच्या माहेराहून. ती अँडरसनांची लेक. तिच्याच नात्यातल्या अलेक्झांडर अँडरसननं पॅरिसला राहून व्हिएत या थोर फ्रेंच बीजगणितज्ञाचं लिखाण छापून प्रसिद्ध केलं होतं. विद्यापीठात बायकांना प्रवेशही नव्हता त्या काळात जॅनेटनं धाकट्या जेम्सला भूमितीचे पहिले धडे दिले. माझ्या मते ग्रेगरीच्या चरित्रात या बाईला एका ओळीपेक्षा जास्त जागा मिळायला हवी.

जेम्स बारा-तेरा वर्षांचा असताना वडील वारले. मग थोरला भाऊ डेव्हिड पुढे झाला आणि त्यानं युक्लिडचं भूमितीचं पुस्तक जेम्सच्या हाती दिलं. हा डेव्हिडही अवलियाच! त्याला दोन बायकांपासून एकोणतीस मुलं झाली. तो गोरगरिबांना फुकट औषध द्यायचा, आणि घरातल्या वायुभारमापकावरून हवामानाचा अंदाज सांगायचा, त्यामुळे लोकांना त्याच्यावर चेटकाचा संशय यायचा.

जेम्सनं १६६३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आरशांच्या दुर्बिणीची रचना मांडली. मोठ्या अंतर्वक्र आरशावरून परतलेला प्रकाश समोरच्या छोट्या अंतर्वक्र आरशावर पडतो आणि मोठ्या आरशाच्या मधल्या भोकातून डोळ्यापर्यंत पोचतो. कल्पना चोख होती, पण लंडनच्या कारागिरांना हवा तसा आरसा घासता येईना. पुढं इंग्रज शास्त्रज्ञ हूकनं तशी दुर्बीण बनवली, तोवर न्यूटनची वेगळ्या रचनेची दुर्बीण तयार झाली होती.

इटलीतल्या पादुआत काही वर्षं शिकून तो परतला आणि सेंट अँड्र्यूजला प्राध्यापक झाला. १६७१ च्या फेब्रुवारीत त्यानं कॉलिन्स या इंग्रज गणितज्ञाला पत्रानं काही अनंत श्रेणी, म्हणजे न संपणाऱ्या बेरजा, कळवल्या. त्यातल्या एकीत १ ही किंमत घातली की १ − १/३ + १/५ − १/७ … असं करत π (पाय) या संख्येचा चौथा हिस्सा मिळतो. केरळात माधव या जुन्या गणितज्ञाच्या परंपरेला ही श्रेणी त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. ग्रेगरीला त्याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

या श्रेणी त्यानं काढल्या कशा, हे विसाव्या शतकात उलगडलं. त्याला आलेल्या एका पत्राच्या कोऱ्या पाठीवर त्यानं आकडेमोड केली होती, आणि तीत अशा श्रेणी काढण्याची, आज टेलर या इंग्रज गणितज्ञाच्या नावानं शिकवली जाणारी पद्धत होती. टेलरनं ती छापली १७१५ मध्ये. ग्रेगरीनं मात्र ती छापलीच नाही, कारण न्यूटनला ती आधीच सापडली असणार असं समजून तो न्यूटनच्या पुस्तकाची वाट पाहत राहिला.

पुढं तो एडिंबराला प्राध्यापक झाला. ऑक्टोबर १६७५ मध्ये, तिथं विद्यार्थ्यांना गुरूचे चंद्र दाखवत असताना, त्याला पक्षाघाताचा झटका आला. काही दिवसांत तो गेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. त्याचे कागद पुढं त्याच डेव्हिडच्या मुलाकडे आले. काकाच्या जागी एडिंबराला आणि नंतर ऑक्सफर्डला प्राध्यापक झालेला हा पुतण्याही डेव्हिडच.