एक टन तांबे, दोन टन वायू

चाल्कोपायराइट हे पितळेसारखे पिवळे चमकणारे खनिज. शुद्ध खनिजात तांबे जेमतेम 35 टक्के आणि गंधकही जवळपास तेवढाच, उरलेले लोह. म्हणजे एक टन तांबे काढले की एक टन गंधक मोकळा होतो आणि जळून त्याचा दोन टन सल्फर डायऑक्साइड होतो. जपानी खाणमालक फुरुकावा इचिबेई (1832–1903) यांनी तांब्याचा हिशेब अचूक मांडला. गंधकाचा मांडलाच नाही.

क्योटोत जन्मलेले इचिबेई आधी रेशमाच्या व्यापारात होते. 1874 मध्ये ते ज्या पेढीत काम करत होते ती बुडाली. 1877 मध्ये त्यांनी तोचिगी प्रांतातली अशिओची खाण घेतली. ती संपल्यात जमा आहे, असाच सर्वांचा समज होता. पहिली काही वर्षे हाती फारसे लागले नाही. 1881 आणि 1884 मध्ये मात्र मोठ्या शिरा सापडल्या आणि अशिओ देशात पहिल्या क्रमांकावर गेली. 1888 मध्ये जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी कंपनीशी तब्बल 19,000 टन तांब्याचा करार झाला.

आता अडचण होती लाकडाची. खाणीतले पाणी उपसणारे पंप वाफेवर चालत आणि भट्ट्यांना लाकडी कोळसा लागे, त्यामुळे भोवतालचे डोंगर बोडके होत चालले. 1890 मध्ये मातो येथे जलविद्युत केंद्र उभे राहिले आणि पंप विजेवर फिरू लागले.

खरी उडी 1893 ची. बेसेमरची पोलाद करण्याची रीत इथे तांब्याला लावली. भट्टीतून निघालेला वितळलेला मॅट (तांबे व लोहाचे सल्फाइड) पात्रात ओतून त्यात हवा फुंकायची. आधी लोह जळते आणि वाळूशी मिळून मळी होते. ती ओतून टाकायची. पुन्हा हवा फुंकली की गंधक जळून जातो आणि 98–99 टक्के शुद्धतेचे तांबे उरते. जळणारे लोह आणि गंधकच उष्णता पुरवतात, वेगळे इंधन लागत नाही. मेख एवढीच, की पोलादाप्रमाणे तळातून हवा फुंकून चालत नाही: तयार झालेले जड तांबे तळाशी बसते, थंड हवेने गोठते आणि नळ्या बुजवते. म्हणून तांब्यासाठी नळ्या बाजूने, तळापासून थोड्या वर ठेवतात. अशिओत 32 दिवसांचे काम 2 दिवसांवर आले.

तांबे झपाट्याने वाढले, तसा धूरही. मात्सुकी खोऱ्यातली झाडे वाळली, उघडी माती पावसाने वाहून गेली. डोंगर पाणी धरेनात, तेव्हा वातारासे नदीला 1890 आणि 1896 मध्ये मोठे पूर आले आणि खाणीचा गाळ भातशेतीत पसरला. मोरचुदातल्या तांब्याने बुरशी मरते हे आपल्याकडचा द्राक्षबागाईतदार जाणतो. तेच तांबे मातीत साचले की भाताची मुळे खुंटतात. खासदार तानाका शोझो यांनी 1891 पासून संसदेत प्रश्न लावून धरला.

1897 मध्ये सरकारने गाळ बसवायचे तलाव बांधण्याचा आणि धुरावर चुन्याचे पाणी फवारणारा मनोरा उभारण्याचा हुकूम काढला. मनोऱ्याने काम भागले नाही. धूर प्रचंड होता, चुन्याशी त्याचा संपर्क क्षणभराचा. आम्ल करून गंधक अडवावा, तर त्याला दाट आणि सलग वायू लागतो. मॅटमध्ये हवा फुंकतात त्या पात्रातला वायू मात्र फुंकण्याच्या टप्प्यानुसार कमी-जास्त होतो.

उत्तर आले 1956 मध्ये, फिनलंडच्या आउटोकुम्पूच्या तंत्रावर आधारलेल्या फ्लॅश भट्टीतून. तीत कोरड्या खनिजाची भुकटी हवेच्या झोतासोबत आत सोडतात. ती उडता उडताच पेटते. वायू दाट आणि अखंड मिळतो, त्याचे सल्फ्युरिक आम्ल करून विकता येते. इचिबेई जाऊन तेव्हा 53 वर्षे झाली होती.

खाण 1973 मध्ये बंद झाली. बोगद्यांतून झिरपणारे आम्लयुक्त पाणी मात्र आजही चुन्याने निवळावे लागते. 2011 च्या भूकंपात गाळाचा एक जुना ढीग नदीत कोसळला आणि पाण्यातले शिसे मर्यादेपलीकडे गेले. हाच ढीग 1958 मध्येही कोसळला होता.