स्टिअरिंग व्हील घेण्याआधी: खऱ्यासारख्या रेसिंग खेळांविषयी ग्राहकांसाठी माहिती

हे पत्रक दोन प्रकारच्या ग्राहकांसाठी आहे. घरी प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आहे आणि आता स्टिअरिंग, पेडल असा सगळा सरंजाम घ्यावा का, अशा विचारात असलेल्यांसाठी. आणि घरातलं कुणीतरी हा हट्ट धरून बसलंय, पण यात एवढं आहे तरी काय हे ज्यांना अजून उमगलेलं नाही, त्यांच्यासाठी. आम्ही कन्सोल (म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारखी टीव्हीला जोडून खेळायची यंत्रं), स्टिअरिंग व्हील आणि त्याचे स्टँड विकतो, पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये घरी येऊन बसवून देतो. आमच्याकडून नेलेली वस्तू दोन महिन्यांत माळ्यावर गेली की आम्हाला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आधी खेळाविषयी बोलू, सामानाचं नंतर.

मजा कशात आहे

रेसिंगचे खेळ ढोबळमानाने दोन प्रकारचे. एका प्रकारात बटण दाबून धरलं की गाडी सुसाट सुटते, भिंतीला घासली तरी फारसं बिघडत नाही. चार पोरं जमली की असा खेळ झकास. दुसऱ्या प्रकाराला खेळणारे ‘सिम’ म्हणतात. त्यात गाडीला वजन असतं आणि टायरला मर्यादा असते.

सिम पहिल्यांदा खेळणारा हमखास एकच गोष्ट करतो. सरळ रस्ता संपेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून धरतो आणि वळण आलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही एकदम. चाकं वळलेली दिसतात, पण गाडी नाकासमोर वाळूत जाते. “कंट्रोलर बिघडलाय वाटतं,” असं आम्हाला ऐकायला मिळतं. कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचं बटणांचं उपकरण, ठणठणीत असतो. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा: सगळा ब्रेकवर उडवला तर वळायला काही उरत नाही. खऱ्या गाडीतही असंच होतं. रोजच्या रस्त्यावर आपण त्या मर्यादेच्या आसपासही जात नाही, म्हणून कळत नाही इतकंच.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो. पुढचे टायर रस्ता घट्ट धरतात, मागचे हलके होतात. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, तर हलकी झालेली मागची बाजू फिरून पुढे यायला बघते. म्हणून जोरात ब्रेक मारायचा तो वळणाआधी, गाडी सरळ असताना. मग वळणात शिरताना ब्रेक थोडा थोडा सोडायचा आणि त्याच मापाने स्टिअरिंग वाढवत न्यायचं. याला ‘ट्रेल ब्रेकिंग’ म्हणतात. पुढच्या टायरांवर भार टिकून राहतो आणि गाडी वळणाच्या आतल्या कडेकडे आपणहून ओढली गेल्यासारखी वळते. बोटाला किंवा पायाला ते माप सापडलं की खेळणारा टीव्हीसमोरून हलत नाही.

एसटीत आयुष्यभर ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेले एक आजोबा नातवाबरोबर दुकानात आले होते. नातू सुकुबावर गाडी चालवत होता. जपानमधला हा खरा ट्रॅक जेमतेम 2 किलोमीटरचा आहे, शिकायला फार चांगला. पोरगं पुन्हा वाळूत गेलं तसे आजोबा मागून म्हणाले, “अरे, आधी वेग मोड, मग वळव. वळणात काय ब्रेक मारतोस!” मग स्वतःच बसले. पहिल्या फेऱ्या अंदाज घेण्यात गेल्या, कारण सीटखालून गाडी जाणवत नाही याची त्यांना सवय नव्हती. नंतर मात्र प्रत्येक वळणाआधी गिअर खाली, ब्रेक मोकळा, आतली कड धरून गाडी अलगद बाहेर. नातवापेक्षा त्यांची फेरी लवकर पूर्ण झाली. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही तर हळू चालवत होतात, मग वेळ कमी कसा?” हा प्रश्न ज्याला पडतो त्याला हा खेळ आवडणार, असं आम्ही खुशाल सांगतो.

पुढे पुढे तर शर्यत दुसऱ्याशी उरतच नाही. ‘घोस्ट’ सुरू केला की तुमचीच सर्वांत चांगली फेरी अर्धपारदर्शक गाडीच्या रूपात समोर पळते आणि कुठल्या वळणावर ती तुमच्यापासून सुटते ते डोळ्यांना दिसतं. दशांश सेकंद वाचवायला लोक अख्खी संध्याकाळ घालवतात आणि खूश होऊन उठतात.

हे सुरू झालं कुठून

कन्सोलवर या प्रकाराला खरं वळण दिलं ते काझुनोरी यामाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. सुमारे पाच वर्षं खपून केलेला ‘ग्रान टुरिस्मो’ हा खेळ डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये पहिल्या प्लेस्टेशनसाठी आला. त्यात 140 हून अधिक गाड्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याचशा रोज रस्त्यावर दिसणाऱ्या. आमच्या मते यामाउचींची खरी करामत तीच. स्वस्तातली जुनी गाडी घ्यायची, शर्यती जिंकून पैसे साठवायचे, आधी टायर बदलायचे, मग इंजिनाचं काम करायचं. त्यात परवान्याच्या परीक्षाही होत्या: वेग घेऊन आखलेल्या जागेत गाडी थांबवून दाखवायची, एकेक वळण ठरलेल्या वेळात पार करायचं.

2022 साली आलेल्या ‘ग्रान टुरिस्मो 7’ मध्ये 400 च्या वर गाड्या आहेत, तरी सुरुवात साध्या गाडीनेच होते. पहिल्या गाडीसाठी जे पर्याय मिळतात त्यांत होंडाची फिट आहे, म्हणजे आपल्याकडे जॅझ नावाने विकली गेलेली गाडी. भारतात कधी न आलेली सुझुकीची स्विफ्ट स्पोर्टही या खेळात आहे. ज्यांच्या पार्किंगमध्ये साधी स्विफ्ट उभी आहे, ते ग्राहक आमच्याकडे हमखास तीच गाडी मागतात.

एक्सबॉक्सवर 2005 पासून ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ आहे. ट्रॅकवरच्या शर्यतींचं काटेकोर रूप हवं असेल तर इटलीत तयार झालेला ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’. हल्ली बरेच ट्रॅक लेझरने मोजून खेळात उतरवतात, त्यामुळे खऱ्या डांबरावरचा उंचवटा पडद्यावर त्याच जागी येतो आणि स्टिअरिंगमधून हाताला जाणवतो. जर्मनीतला न्युरबुर्गरिंगचा जुना ट्रॅक, नॉर्डश्लाइफ, जवळपास 20.8 किलोमीटरचा आहे. जंगलातून चढ-उतार, आंधळी वळणं. तो नुसता पाठ करायलाच कित्येक महिने जातात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. त्या काळातल्या फॉर्म्युला वनच्या खेळांत तो ट्रॅकही आहे. जुनी डिस्क मिळाली तर सोडू नका.

घरात बसून शिकलेलं कितपत खरं असतं, असं विचारणाऱ्यांना आम्ही लुकास ओर्दोन्येझचं उदाहरण देतो. निसान आणि सोनी यांनी 2008 मध्ये खेळातले चांगले खेळाडू निवडून त्यांना खऱ्या शर्यतीत उतरवण्याचा उपक्रम सुरू केला. त्यातला हा पहिला विजेता. 2011 मध्ये ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात दुसरा आला. अर्थात मधली वर्षं त्याने खऱ्या गाडीत, खऱ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली काढली होती. वळणात मानेवर येणारा ताण आणि गाडीतला उकाडा सोफ्यावर शिकता येत नाही.

पुण्यात या खेळाचे चाहते भेटतात याचं नवल वाटायला नको. चाकणपासून पिंपरीपर्यंत गाड्या आणि त्यांचे सुटे भाग बनतात, ‘एआरएआय’सारखी वाहन-तपासणीची संस्था इथे टेकडीवर आहे. ग्रान टुरिस्मोमध्ये सस्पेन्शनची स्प्रिंग हर्ट्झमध्ये, गाडीची उंची मिलिमीटरमध्ये आणि चाकाचा कल अंशांत बदलता येतो. सस्पेन्शनच्या कंपनीत काम करणारे ग्राहक तो तक्ता उघडला की खुर्ची पुढे ओढतात. त्यांच्याकडून आम्हीही पुष्कळ शिकलो.

आधी कंट्रोलर, मग स्टिअरिंग

आमचा सल्ला धंद्याच्या विरुद्ध वाटेल, पण तो आम्ही प्रत्येकाला देतो. सुरुवातीचे काही आठवडे कन्सोलबरोबर आलेल्या कंट्रोलरवरच खेळा. प्लेस्टेशन 5 च्या कंट्रोलरमध्ये ब्रेकचं बटण बोटाला विरोध करतं आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) लागलं की थरथरतं, म्हणजे निम्मा धडा तिथेच मिळतो. साधी, कमी ताकदीची गाडी घ्या. एकच छोटा ट्रॅक घोटा. एबीएस राहू द्या, ट्रॅक्शन कंट्रोल (ॲक्सिलरेटर जास्त दाबला तरी चाकं जागीच फिरू न देणारी मदत) सुरुवातीला थोडा ठेवा. रस्त्यावर रंगीत पट्टी दाखवणारी मदत मात्र लवकर बंद करा, नाहीतर डोळे पट्टीवर राहतात आणि वळण दिसतच नाही. गिअर स्वतः टाकायला शिका. एवढं करूनही ओढ टिकली, तर स्टिअरिंगवर पैसे घालायला हरकत नाही.

घेण्यापूर्वी एक गोष्ट नक्की तपासा. प्लेस्टेशनचं स्टिअरिंग एक्सबॉक्सला चालत नाही आणि एक्सबॉक्सचं प्लेस्टेशनला चालत नाही. लॉजिटेकचं जी 29 प्लेस्टेशनसाठी, जी 920 एक्सबॉक्ससाठी; जी 923 दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांत मिळतं आणि खोक्यावरचं चित्र जवळपास सारखंच असतं. ऑनलाइन मागवून चुकीचं आलं म्हणून आमच्याकडे येणारे बरेच असतात.

स्टिअरिंगमधली मोटर उलटा जोर लावते, त्याला फोर्स फीडबॅक म्हणतात. पुढच्या टायरची पकड सुटायला लागली की हातातलं स्टिअरिंग हलकं पडतं. शरीराला गाडी जाणवत नसल्याची उणीव यातून बरीचशी भरून निघते. जी 29 सारख्या मॉडेलांत हा जोर दातेरी चक्रांतून येतो. थोडी खरखर असते, पण टिकाऊ. पट्ट्यावर चालणारी अधिक मऊ. ‘डायरेक्ट ड्राइव्ह’मध्ये स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर असतं, बारीकसारीक सगळं कळतं, पण जोरही भरपूर, त्यामुळे त्याला पक्का स्टँड लागतो. अपघातात स्टिअरिंग हिसका देतं तेव्हा अंगठे आत अडकलेले नसावेत, हे लहान मुलांना आवर्जून सांगा.

पैसे मोजकेच असतील तर स्टिअरिंगपेक्षा ब्रेकच्या पेडलवर जास्त घाला. साधं पेडल किती अंतर दाबलं ते मोजतं, ‘लोड सेल’वालं पेडल किती जोराने दाबलं ते मोजतं. पायाला जोर चांगला लक्षात राहतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत ब्रेक सारखा लागतो. अट एकच: खुर्ची स्थिर हवी. चाकांची ऑफिसची खुर्ची जोरात ब्रेक मारला की मागे पळते. चाकांना ठोकळे लावा किंवा जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची वापरा. काचेच्या टेबलाला स्टिअरिंग कधीही कसू नका.

टीव्हीत ‘गेम मोड’ सुरू करा. तो नसेल तर तुम्ही स्टिअरिंग फिरवल्यावर पडद्यावरची गाडी किंचित उशिरा वळते आणि दोष तुम्ही स्वतःला देत बसता. कन्सोल शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये तो तापून बंद पडतो. देखभालीसाठी गुरुवारी लाइट जाते हे पुणेकरांना सांगायला नको. खेळाचं अपडेट चालू असताना लाइट गेली की माहिती खराब होऊ शकते, म्हणून छोटा यूपीएस जरूर घ्या. ग्रान टुरिस्मो 7 मधले बहुतेक विभाग इंटरनेटशिवाय चालत नाहीत, आणि कन्सोलमध्ये 100 जीबीच्या पुढे मोकळी जागा लागते.

पालकांसाठी

या खेळांत हिंसा नाही. ग्रान टुरिस्मो 7 ला युरोपच्या पेगी मानांकनात 3 वर्षांपुढील सर्वांसाठी योग्य म्हटलं आहे. वेळेचं बंधन घालताना मिनिटांऐवजी शर्यती मोजा. ऑनलाइन शर्यत मध्येच थांबवता येत नाही, अर्ध्यावर सोडली तर खेळाडूचं मानांकन घसरू शकतं. “पाच मिनिटांत जेवायला ये” यावरून भांडण होतं. “ही रेस संपली की ये” म्हटलं की सहसा होत नाही. गाडीच्या आतून दिसणाऱ्या दृश्याने काहींना मळमळतं. तसं झालं तर लगेच थांबवा आणि पुढच्या वेळी बॉनेटवरचं दृश्य निवडा.

एक गोष्ट मात्र मुलांशी स्पष्ट बोला. ट्रॅकवर समोरून रिक्षा येत नाही, कुणी रस्ता ओलांडत नाही, खड्डा नसतो. कार चालवण्याचा परवाना 18 वर्षांनंतरच मिळतो आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरही कारला ताशी 100 किलोमीटरचीच मर्यादा आहे. खेळात खूप तरबेज झालेल्या मुलालाही रस्त्यावरची गाडी पहिल्यापासून शिकावी लागते. आमच्या दुकानात लहान मुलांना स्टिअरिंगवर बसवण्याआधी आम्ही हे बोलूनच पुढे जातो.

दुकानात येऊन बघा

सोमवार सोडून रोज दुपारी दोन स्टिअरिंग जोडलेली असतात, एक दातेरी चक्रांचं आणि एक डायरेक्ट ड्राइव्ह. बसून बघायचे पैसे नाहीत आणि घेतलंच पाहिजे असंही नाही. शनिवार-रविवारी गर्दी असते, त्यामुळे आधी फोन करून या. चप्पल काढून पेडल दाबावं लागतं, पायमोजे असलेले बरे. घरी ज्या टेबलावर बसवायचंय त्याच्या फळीची जाडी मोजून आणा, खालच्या बाजूला ड्रॉवर किंवा पट्टी आहे का ते बघा आणि मोबाइलवर खुर्चीसकट एक फोटो काढून आणा. त्यावरून तुमच्याकडे क्लॅम्प बसेल की स्टँड लागेल, हे आम्ही तिथल्या तिथे सांगू.