एका दाताचा फरक

वैभववाडीहून करूळ घाट चढत होतो. गाडीत आम्ही चौघं. गाडी जुनी, पण टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा) नुकताच बदललेला. तरी ती दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना. आश्चर्य म्हणजे पुणे-बंगळूर हायवेवर, आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) वर गेला की, हीच गाडी निमूट पळायची. कोल्हापुरात आल्यावर उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींनी बेल्टचं कव्हर उतरवलं, खुणा जुळवून पाहिल्या आणि म्हणाले, "साहेब, कॅमची पुली एक दात मागं बसलीया."

एका दातानं एवढं काय होतं? कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा. त्याच्या पुलीला 40 दात धरू. म्हणजे एक दात 9 अंशांचा. पण क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत कॅम एकदाच फिरतो, त्यामुळे पिस्टनच्या हिशेबानं ही चूक 18 अंशांची. इंजिनात 18 अंश म्हणजे फार मोठं अंतर.

इंजिनाची ताकद त्यात किती हवा भरते यावर ठरते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं, हवा भरणं अवघड. 6000 आरपीएमला पिस्टन वरून खाली यायला फक्त 5 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात सिलेंडर भरायचा. पिस्टन तळाला पोचला की हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह मिटला पाहिजे, असं आपल्याला वाटतं. बऱ्याच इंजिनांत तो त्यानंतर क्रँक आणखी 40 ते 60 अंश फिरल्यावर मिटतो, म्हणजे पिस्टन वर निघाल्यानंतर!

याचं कारण उसाच्या ट्रॉल्यांत दिसतं. दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरनं ब्रेक मारला तर मागची ट्रॉली पुढचीला रेटत राहते. इनटेकच्या नळीतल्या हवेलाही वजन आहे, वेग आहे. पिस्टन थांबून उलटा फिरला तरी मागून येणारी हवा आत घुसतच राहते. व्हॉल्व्ह थोडा उशिरा मिटवला की हा रेटा फुकटात मिळतो. मला हे इंजिनातलं सगळ्यात सुंदर गणित वाटतं.

पण रेटा वेगावर अवलंबून असतो. ट्रॉल्या रांगत असतील तर त्या ब्रेकसरशी थांबतात. तसंच 1500 आरपीएमला हवा सावकाश येते, आणि व्हॉल्व्ह उशिरापर्यंत उघडा राहिला तर वर येणारा पिस्टन तीच हवा पुन्हा नळीत ढकलतो. कॉम्प्रेशन कमी पडतं, टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ओढ, घसरतो. पुली एक दात मागं बसल्यानं व्हॉल्व्ह उशिरा मिटत होते, म्हणून घाटात माझ्या गाडीचं हेच झालं होतं.

म्हणून कॅम थोडा पुढे घेतला की खालच्या आरपीएमला ओढ वाढते, मागे घेतला की वरच्या आरपीएमला जोर वाढतो. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले वेग. 4000 आरपीएमला 100 न्यूटन-मीटर म्हणजे साधारण 42 किलोवॅट. 6000 ला टॉर्क 90 वर आला तरी पॉवर 56 च्या पुढे जाते. रेसवाले कॅम मागे का घेतात ते यावरून कळेल. गगनबावडा किंवा फोंडा घाट चढणाऱ्यानं मात्र तो मोह धरू नये. शिवाय बऱ्याच इंजिनांत टायमिंग जास्त सरकलं तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. ट्विन कॅम (दोन कॅमशाफ्ट) असेल तर इनटेक आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) व्हॉल्व्ह वेगवेगळे सरकवता येतात. त्यानं दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ बदलतो, आणि तो फार वाढला तर गाडी न्यूट्रलला थरथरते.

घाटासाठी एक टायमिंग आणि हायवेसाठी दुसरं, असं चालत्या गाडीत करता येईल का? अल्फा रोमिओनं 1980 मध्ये हे विक्रीच्या गाडीत आणलं. होंडाचं व्हीटेक 1989 मध्ये आलं. त्यात वेग वाढला की व्हॉल्व्हच जास्त उचलणाऱ्या दुसऱ्या कॅमवर जातात. आज आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकमध्येही व्हीव्हीटी (चालत्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा) असतं. कॅमच्या पुलीत इंजिन ऑइल दाबानं सोडून कॅम काही अंश पुढे-मागे फिरवतात, आणि किती फिरवायचा ते कॉम्प्युटर ठरवतो.

अशा गाडीत ऑइल वेळेवर बदलाच. ऑइल घाण झालं की त्याच्या बारीक वाटा तुंबतात, कॅम एका जागी अडकतो, आणि पुली अचूक बसलेली असूनही गाडी घाटात दम सोडते.