पलीकडे नेताना: पद वेगळं, गुणक वेगळा

नववीच्या विज्ञानात गतीचं एक समीकरण असतं: अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ. पुस्तकात ते अक्षरांत असतं, मी इथे शब्दांत लिहिते. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. यातून काळ काढायला सांगितला की बऱ्याच वह्यांत हे सापडतं: काळ = अंतिम वेग − सुरुवातीचा वेग − त्वरण. सांगलीत आमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या भाचीनेही हेच लिहिलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मावशी, पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं ना?"

बदलतं, पण पदाचं. त्वरण इथे पद नाही, गुणक आहे.

अधिक-उणे चिन्हांनी जोडलेला तुकडा म्हणजे पद. या समीकरणात उजवीकडे दोन पदं आहेत: एक सुरुवातीचा वेग, आणि दुसरं 'त्वरण × काळ' हे दोन्ही मिळून. त्या दुसऱ्या पदाच्या आत त्वरण काळाला गुणाकाराने चिकटलेलं आहे. मिळवलेलं पद वजाबाकीने सुटतं, गुणक भागाकारानेच सुटतो. आर्यभटांनी पाचव्या शतकाच्या अखेरीस उलट क्रियेचा नियम सांगितला, तोही या दोन जोड्या वेगळ्या ठेवून: गुणकाचा भाजक होतो, मिळवलेलं वजा होतं. 'पलीकडे नेणे' या एका शब्दप्रयोगात आपण दोन्ही कोंबतो आणि मुलांचा गोंधळ तिथून सुरू होतो.

भाचीच्या घरची हळद सांगलीच्या मार्केट यार्डात जाते, म्हणून मी तिला पट्टीचा, म्हणजे माल विकल्यावर मिळणाऱ्या पावतीचा, हिशोब मांडायला सांगितला. हातात आलेली रक्कम = वजन × दर − हमाली-तोलाई. आकडे सोयीचे घेतले: 6 क्विंटल हळद, क्विंटलला 14,000 रुपये दर, खर्च 1,500. हातात 82,500. आता समजा पट्टीवरचा दर पुसला गेलाय, तो शोधायचा.

तिने आधी 6 ने भागलं, 13,750 आले. त्यात 1,500 मिळवून दर लिहिला 15,250. खरा दर तर 14,000! मी काही बोलले नाही, पेन्सिलही हातात घेतली नाही. तीच थोड्या वेळाने म्हणाली, "खर्च तर सगळ्या मालाचा कापलाय, एका क्विंटलचा नाही." मग 82,500 मध्ये 1,500 मिळवले, 84,000 झाले, 6 ने भागले, 14,000 आले.

आधी भागायला बंदी नाही. पण भागायचं तर त्या बाजूचं प्रत्येक पद भागावं लागतं, 1,500 सुद्धा. त्याचे 250 होतात, आणि 13,750 अधिक 250 म्हणजे पुन्हा 14,000. पद हलवताना त्या एकट्याकडे बघितलं तरी चालतं, गुणक हलवताना अख्ख्या बाजूकडे बघावं लागतं. म्हणून पोत्याची शेवटी मारलेली गाठ आधी सोडायची. गुणाकार आधी झाला, खर्च नंतर कापला, तर परत येताना खर्च आधी. आयताच्या परिमितीत उलटं आहे: परिमिती = 2 × (लांबी + रुंदी). इथे बेरीज कंसात आधी झाली, म्हणून 2 ने आधी भागायचं, मग रुंदी वजा करायची.

दुसरी ठेच उणे चिन्हाची. −3 × क्ष = 12 असेल तर मुलं 3 पलीकडे नेताना चिन्हही बदलतात आणि 4 लिहितात. ते उणे चिन्ह गुणकाचं स्वतःचं आहे, ते गुणकासोबतच जातं. 12 ला −3 ने भागायचं, उत्तर −4.

घरी अभ्यास घेताना मी 'पलीकडे ने' म्हणणं सोडून दिलंय. "दोन्ही बाजूंना काय करूया?" एवढंच विचारते, आणि प्रत्येक ओळीपुढे ते लिहायला लावते: 'दोन्ही बाजूंतून सुरुवातीचा वेग वजा', 'दोन्ही बाजूंना त्वरणाने भागलं'. ओळी वाढतात, पण चूक कुठे झाली ते मुलांना स्वतःला दिसतं. एककंही तपासायला सांगते. वेगातून त्वरण वजा करणं म्हणजे रुपयांतून क्विंटल वजा करणं. हे ऐकल्यावर भाचीने आपली पहिली ओळ स्वतःहून खोडली आणि लिहिलं: काळ = (अंतिम वेग − सुरुवातीचा वेग) ÷ त्वरण.

एक फरक मात्र वर्गातही पटकन सांगून सोडून दिला जातो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पद कुठलंही असो, बेधडक वजा करता येतं, अगदी शून्य असलं तरी. गुणकाने भागताना मात्र तो शून्य नाही ना, हे बघावंच लागतं. साताऱ्याहून सांगलीला येणारी एसटी हायवेवर एकाच वेगाने सरळ धावते आहे असं धरा. त्वरण शून्य, दोन्ही वेग सारखे. भाचीचं सूत्र शून्य भागिले शून्य म्हणतं आणि अडतं. ते बरोबरच अडतं: वेग जराही बदललेला नसताना, किती वेळ गेला हे नुसत्या वेगावरून कोणाला सांगता येणार? तिथे अंतर माहीत हवं, आणि सूत्रही दुसरं.