अमेरिकन ड्रीम आणि चंगळवाद

अमेरिकन ड्रीम : जन्म कोणत्याही घरात झाला, तरी कष्ट आणि गुणांच्या बळावर माणसाला वर चढता यावे आणि त्याच्या मुलांना त्याच्याहून बरे दिवस दिसावेत, ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रुजलेली धारणा. चंगळवादाने ती गिळली, ही तक्रार जवळजवळ या शब्दप्रयोगाइतकीच जुनी आहे.

शब्दप्रयोग रूढ केला तो इतिहासकार जेम्स ट्रस्लो ॲडम्स यांनी, ऐन मंदीत, ‘द एपिक ऑफ अमेरिका’ (१९३१) या ग्रंथातून. हे स्वप्न निव्वळ मोटारींचे आणि चढ्या पगारांचे नव्हे, प्रत्येक स्त्रीपुरुषाला आपल्या अंगच्या कुवतीइतके पुरते वाढता येईल अशा समाजरचनेचे आहे, असे त्यांनी तिथेच बजावले होते. नमुना म्हणून त्यांनी दाखवले वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले वाचनदालन : कुणालाही न विचारता हाती घेता येणारी हजारो पुस्तके आणि एकाच छताखाली मुकाट वाचत बसलेले गोरे-काळे, गरीब-श्रीमंत, म्हातारे-तरणे. पण असे बजावावे लागले, त्याअर्थी मोटार स्वप्नात आधीच येऊन बसली होती.

मालमत्ता तर त्याहून जुनी. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळत. ती जमीन मूळनिवासी जमातींच्या हातून गेलेली होती, हे त्या कौतुकात सहसा येत नाही. इतक्या सुबत्तेतही अमेरिकन माणसाच्या कपाळावर आठी असते, असे फ्रेंच लेखक अलेक्सी द तोकव्हिल याने १८४० मध्येच लिहून ठेवले.

स्वप्नाला आज ओळखीचा असलेला आकार आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. तिथल्या बटाट्याच्या शेतांत १९४७ पासून लेव्हिटटाउन ही घरांची वसाहत उभी राहिली. कारखान्यात माल पुढे सरकतो आणि कामगार जागच्या जागी असतो; इथे घरे जागच्या जागी आणि कामगारांच्या टोळ्या एका प्लॉटवरून दुसऱ्यावर. चार वर्षांत सतरा हजारांवर घरे झाली. सुरुवातीचे घर साडेसातशे चौरस फुटांचे : दोन झोपायच्या खोल्या, एक न्हाणीघर, वर अर्धवट सोडलेला माळा. १९४९ मध्ये नव्या नमुन्याची किंमत ७,९९० डॉलर होती. युद्धावरून परतलेल्यांना १९४४ च्या जीआय बिल या माजी सैनिकांसाठीच्या कायद्यामुळे कर्ज मिळे. १९५० च्या नमुन्यात तर टीव्ही जिन्याच्या भिंतीतच बसवून दिलेला! करारात मात्र एक कलम होते : गोऱ्यांखेरीज कुणाला या घरात राहू देता येणार नाही; घरकामाच्या नोकरांचा तेवढा अपवाद. घरविक्रीतल्या भेदभावाला बंदी करणारा देशव्यापी कायदा आला तो १९६८ मध्ये.

घराच्या जोडीने यंत्रेही स्वातंत्र्याचा पुरावा ठरू लागली. १९५९ मध्ये मॉस्कोतल्या प्रदर्शनात अमेरिकी स्वयंपाकघरासमोर उभे राहून अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष निक्सन यांनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना सांगितले, की असे १४,००० डॉलरांचे घर आमचा पोलाद कामगारही घेऊ शकतो. पुढे कुटुंबे लहान झाली आणि घरे फुगली : १९५० च्या सुमारास नवे घर सरासरी हजार चौरस फुटांच्या आत होते, २०१५ पर्यंत ते अडीच हजारांच्या वर गेले. २०१९ मध्ये न्यू जर्सीत ‘अमेरिकन ड्रीम’ याच नावाचा मॉल उघडला. त्यात बर्फावर घसरायची बंदिस्त टेकडीसुद्धा आहे.

तरीही सारा दोष हावरेपणावर टाकणे सोयीचे आहे, पुरेसे नाही. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९४० मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक आईवडिलांपेक्षा जास्त कमावते झाले. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण निम्म्यावर आले. याचे मोठे कारण त्यांना वाढीच्या विषम वाटणीत सापडले. शिडीच्या पायऱ्या दूर गेल्या आणि वस्तू मात्र हप्त्याने मिळत राहिल्या. २००८ च्या आर्थिक संकटात हप्ते थकून लाखोंची घरे गेली.

मराठीत या देशाचे डोळस वर्णन फार पूर्वी झाले आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मधल्या आपल्या पुस्तकात तिथल्या स्त्रियांच्या संस्थांचे भरभरून कौतुक केले आणि वर्णभेदाला नावेही ठेवली. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर मराठी डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने गेले. १९८१ मध्ये तिथल्या मराठी मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. नंतर एच-वन या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्यांची गोष्ट वेगळी. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, रांग इतकी लांब, की मूल एकविशी ओलांडून आईबापांच्या अर्जातून बाहेर पडते. गृहकर्ज तीस वर्षांचे आणि व्हिसा एका वेळी फार तर तीन वर्षांचा, अशी जोडी कित्येक घरांत सापडते.